हेमकळेची तीट

एकदा काय झालं, एका राजाची राणी वारली. मागे राहिली पाच वर्षांची लेक, हेमकळा. आई गेली त्या दिवसापासून पोरीचं बोलणंच बंद झालं. रडली नाही, हसली नाही. नुसती बसायची आणि एक बोट गालावर टेकवून ठेवायची. अस्सं. बनू, तू नको करूस, तू पांघरूण घे.

वर्ष झालं. राजाला काही सुचेना. त्यानं दवंडी पिटवली, “माझ्या लेकीचं चित्र काढा. तिच्या मनात काय आहे, ते मला चित्रात दिसू दे.”

मग पहिला चितारी आला. त्यानं सोन्याचं पाणी देऊन चित्र काढलं. म्हणाला, “बोट गालावर आहे महाराज, म्हणजे राजकन्या विचार करताहेत.” दरबारानं माना डोलावल्या. पोरगी गप्पच.

मग दुसरा आला. त्यानं गाल सुजलेला रंगवला. म्हणाला, “दाढ दुखतेय.” झालं! वैद्य आले, लवंगेचं तेल आलं. पोरगी गप्पच. मला तर रागच येतो बाई त्या सगळ्यांचा.

मग आली येसाक्का चितारीण. चार लेकरांची आई, बरं का. तीन दिवस तिनं कुंचला उचललाच नाही. नुसती हेमकळेजवळ बसून राहिली. पोरगी न्हाऊन आली की बोट हमखास गालावर जायचं, ते तिनं पाहिलं. चौथ्या दिवशी चित्र काढलं. सोनं नाही, दागिने नाहीत. साधी न्हालेली पोर, हात मांडीवर, गाल मोकळा. मग तिनं कुंचला खाली ठेवला, काजळात बोट बुडवलं आणि चित्रातल्या गालावर टेकवलं. जरा फरफटलंच ते.

“डाग पाडला!” दरबार ओरडला. राजा रागानं उठला आणि शेल्यानं पुसायला गेला.

तोच हेमकळा धावली. “पुसू नका आबा! आईची तीट आहे ती!”

राजाला एकदम आठवलं. राणी रोज लेकीला न्हाऊ घालायची आणि दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायची. ती गेल्यावर कुणाला आठवणच राहिली नव्हती. बापालासुद्धा नाही. फार रडला तो.

मग त्यानं काजळ मागवलं आणि आपल्या बोटानं लेकीला तीट लावली.

“वाकडी झाली,” हेमकळा म्हणाली.

“उद्या नीट लावीन हं.”

दुसऱ्या दिवशीही वाकडीच झाली. पण रोज न्हाऊन आली की पोर आपणहून त्याच्यापुढे गाल करायची. अशी ती दोघं सुखानं राहिली.

तुमची तीट मी सकाळी लावीन. आता डोळे मिटा बघू.