मॅटवरची माती

"...मग हा हात कुणाचा, आबा?"

प्रांजलनं जर्सी उलटी करून आबांपुढे धरली. पाठीवर, नंबराच्या जरा वर, मातीचा पंजा उमटला होता. तळवा, बोटं, सगळं स्पष्ट.

आबांनी पाहिलं. हात लावला नाही.

"माती हाय," ते म्हणाले.

"तेच तर म्हणतेय मी! आम्ही मॅटवर खेळतो. अख्ख्या स्टेडियममध्ये औषधाला माती नाही. मग ही आली कुठून?"

भर दुपार होती. माळावर चिटपाखरू नव्हतं. अशा उन्हात कप्तानानं खरं तर पंख्याखाली पडून राहावं, कारण संध्याकाळी अंतिम सामना. राष्ट्रीय विद्यार्थी क्रीडा महोत्सव यंदा जिल्ह्याच्या ठिकाणी भरला होता. देशभरातून पोरंपोरी आली होती. कुणी पळायला, कुणी पोहायला, कुणी कुस्तीला. शहरात जिकडे पाहावं तिकडे ट्रॅकसूट. त्यात खो-खोच्या मुलींमध्ये एकच नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, प्रांजल डोईफोडे. आणि ते नाव तिच्या स्वतःच्या तोंडीही जरा जास्तच असायचं.

ती मात्र सकाळी गुपचूप एसटीत बसली आणि आपल्या गावाबाहेरच्या या माळावर आली. कितीतरी वर्षांनी.

आबा म्हणजे भिकोबा. तरुणपणी खो-खोतला नावाजलेला गडी. एक दिवस भरल्या मैदानातून उठले, कफनी घातली आणि इथे नाथाच्या समाधीपाशी येऊन बसले ते बसलेच. समाधीपुढे त्यांनी दोन खांब रोवले, फक्कीनं चौरस आखले आणि गावच्या पोरांना खो-खो शिकवू लागले. शिकवणं कसलं! चौरसात उकिडवं बसवायचे. बस म्हणायचे. दिवसचे दिवस कुणी खो द्यायचं नाही. पोरं वैतागून क्रिकेटकडे पळायची.

प्रांजल पळाली नाही. बसली. त्या बसण्यातूनच ती घडली आणि पुढे मोठ्या अकादमीत गेली. मग आबांची आठवण व्हायचं काही कारण उरलं नाही. आज कारण निघालं होतं.

"काय झालं ते सांग," आबा म्हणाले.

"काल उपांत्य सामना होता. शेवटची पाळी, आमचं आक्रमण. एक गडी मारला की जिंकलो, नाहीतर घरी. वेळ संपत आलेली. मी चौरसात बसलेले. आमची रुक्सार पळत होती, पण ती पार तिकडच्या खांबाजवळ. आणि त्यांची शेवटची मुलगी माझ्या समोरून निघालेली. हातभर अंतरावर, आबा! मनात आलं, गेली... संपलं सगळं. तेवढ्यात पाठीवर थाप पडली. 'खो!' मी उठले, सूर मारला, गडी बाद."

"बरं झालं."

"कसलं बरं! रुक्सार म्हणते, तिनं खो दिलाच नाही. ती माझ्यापर्यंत पोचलीच नव्हती. दोन्ही पंच म्हणतात, खो खणखणीत ऐकला. मीही ऐकला." तिचा आवाज उतरला. "हरलेल्या मुली रडत गेल्या, आबा. त्यातली एक माझ्याकडे वळून बघत होती..."

समाधीवरच्या निशाणाचा कपडा जागचा हलत नव्हता.

"तुला काय वाटतं?" आबांनी विचारलं.

प्रांजलनं मान वर केली. हे उत्तर तिनं एसटीतच तयार करून ठेवलं होतं.

"मला वाटतं, मला आता खोची गरज राहिली नाही. खेळच मला उठवतो. पत्रकारांनाही मी तेच सांगितलं."

आबा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

"मग आलीस कशाला?"

प्रांजल जर्सीची घडी घालू लागली. घडी नीट बसेना. शेवटी तिनं ती तशीच मांडीवर टाकली.

"भीती वाटतेय," ती म्हणाली. "रात्रभर पाठ टेकवली नाही गादीला. संध्याकाळी परत तो हात आला तर? उठले तर ती फसवणूक. नाही उठले, आणि हात रुक्सारचा निघाला, तर सामना गेला. या पदकासाठी मी काय काय सोडलंय ते मलाच ठाऊक. उठू की बसू, एवढंच सांगा."

"तू खो देतीस का?"

"म्हणजे?"

"तू पळतीस तवा. बसलेल्या पोरींना देतीस का?"

"नियमानं द्यावा लागतो तेवढा देते. बाकी मी स्वतः मारते. त्यांना कशाला उठवायचं? त्यांच्यानं होत नाही."

"आन रुक्सारला?"

रुक्सारला तिनं शेवटचा खो कधी दिला होता, ते तिला आठवेना.

आबा उठले. काठी न घेता मैदानात गेले आणि मधल्या एका चौरसात, समाधीकडे तोंड करून उकिडवे बसले. म्हातारं माणूस, पण बसले ते अगदी गड्यासारखे, भार पुढच्या बोटांवर.

शेजारच्या चौरसाकडे त्यांनी बोट केलं.

"बस."

या मैदानात अनवाणी उतरायचं, हा आबांचा दंडक. गावातली शेंबडी पोरंही खांबापाशी चपला काढायची. प्रांजलनं बूट काढले नाहीत. विसरली म्हणावं, तर तसंही नव्हतं. माती तापली होती, आणि पाय संध्याकाळसाठी जपायचे होते.

ती बसली. शेजारी असूनही तोंडं विरुद्ध दिशेला. खो-खोत बसायची रीतच ती. तिच्यासमोर नुसता माळ पसरला होता.

"आता?"

"खो आला की ऊठ."

"इथे कोण देणार? आपण दोघंच तर आहोत."

ऊन कानात वाजत होतं. घाम हनुवटीवरून खाली पडत होता. मांड्या भरून आल्या. लहानपणी अशीच बसायची ती, तासन् तास. तेव्हा काय वाटायचं ते तिला आठवलं. काहीच वाटायचं नाही. नुसतं बसायला आवडायचं. कुणीतरी येईल, पाठीवर थाप मारेल, आपण उठू. येईलच याची खात्री असायची. ती खात्री पुढे कुठे सांडली कुणास ठाऊक.

मागे पावलं वाजली.

हलकी. पळती. मातीवर अनवाणी पाय पडतात तशी. खांबाला वळसा घालून ती जवळ येत होती.

प्रांजलच्या अंगावर सर्रकन काटा आला. मान वळवायचा तिला धीर झाला नाही.

पाठीवर थाप पडली.

"खो!"

ती उठली. विचार केला असता तर उठली नसती, पण पाय कुठे विचारतात! सुसाट निघाली ती थेट खांब गाठून थांबली. खांबाला दोन्ही हातांनी धरून मग तिनं मागे पाहिलं.

आबा आपल्या चौरसात होते. जागचे हलले नव्हते. डोळे मिटलेले, हात गुडघ्यांवर.

माळावर तिसरं कुणी नव्हतं.

"आबा... तुम्ही दिलात ना?"

"माझं तोंड तिकडं, तुझं इकडं. मी कसा देईन?"

"मग कुणी दिला?"

"खो दिल्यावर देणारा काय करतो?"

हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खो देणारा उठलेल्याच्या जागेवर बसतो.

"जा, बघ," आबा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.

ती परत आली. एकेक पाऊल जड झालं होतं. तिच्या चौरसात तिच्या बुटांच्या तळव्यांची नक्षी उमटलेली होती. आणि त्या नक्षीवर, तिला पुसून, दोन अनवाणी पायांचे ताजे ठसे होते. बोटं खोल रुतलेली. कुणी उकिडवं बसलं की रुततात तशी.

डाव्या पायाची करंगळी उमटलेली नव्हती.

प्रांजलनं ओठ घट्ट दाबून धरला. तिच्या स्वतःच्या डाव्या पायाची करंगळी जन्मापासून अशीच वर उचललेली होती. आई म्हणायची, हिचं एक बोट जमिनीला टेकत नाही.

"आबा, हे... हे माझे पाय आहेत."

"असतील."

"मी बूट घातलेत!"

"तू घातलेत."

तिला पळून जावंसं वाटलं. एसटीचा थांबा, हमरस्ता, शहर, माणसांनी भरलेलं स्टेडियम. तिथे उजेड होता, गोंगाट होता. पण ठशांवरची माती बघता बघता किंचित दबली. बसलेलं माणूस एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतं, तशी. कंटाळून. वाट बघून बघून.

आणि प्रांजलला एकदम रडू फुटलं. भीतीचं होतं ते, पण निव्वळ भीतीचं नव्हतं. आपण हिला इथे बसवून गेलो आणि परत आलोच नाही.

"किती दिवस बसलीय ही? मी काय करू?"

"खेळाडू हायेस न्हवं? माझ्या मैदानात उभी हायेस. जे करायचं असतं ते कर."

प्रांजल ठशांच्या मागे गेली. हात पुढे केला. हवेत, ठशांच्या जरा वर, तिनं तळवा टेकवला.

टेकला!

उन्हानं तापलेला सुती सदरा होता. खाली खांद्याचं हाड होतं. श्वास चालू होता.

मग तिनं दिला.

"खो."

हाताखालून सगळं निसटलं. माती उडाली आणि दोन खांबांमधल्या पाटीच्या कडेनं खांबाकडे, खांबापलीकडे, रस्त्याच्या दिशेनं धुळीची एक रेघ धावत गेली. वारा नव्हताच.

चौरस रिकामा होता.

प्रांजल बसली. खो दिल्यावर बसायचं असतं, म्हणून बसली. लहानपणी लागलेली सवय होती ती, सुटली नव्हती एवढंच.

इतक्यात रस्त्यावर स्कूटीचा हॉर्न वाजला. पाठोपाठ रुक्सारचा आवाज आला, समाधीच्या भिंतीपलीकडून.

"काय गं कप्तान! कुठं कुठं शोधलं तुला! आणि हे काय, अनवाणी? बूट कुठेत तुझे?"

उत्तर ऐकू आलं नाही. फक्त रुक्सार हसली. मोकळी, मनापासून. प्रांजलबरोबर ती अशी कधी हसली नव्हती.

"बरं, बस बस. घट्ट धर. उशीर झालाय."

स्कूटी सुरू झाली.

"रुक्सार!" प्रांजल ओरडली. "रुक्सार, मी इथे आहे!"

ती उठायला गेली. पाठीवर खो देणारा हात नव्हता. पाय जागचे उचलेनात.

स्कूटीचा आवाज लांब गेला. वळणावर बारीक झाला. मग तोही राहिला नाही.

"आबा! ती कुणाला घेऊन गेली? संध्याकाळी सामना आहे माझा... आबा!"

आबांनी डोळे उघडले. तोंड समाधीकडेच होतं.

"खेळायला गेली ती," ते म्हणाले. "तू बस."