चार आणि नऊचे टोले

संगणक नवे नवे आले होते, त्या काळची गोष्ट. एका गावच्या मनोऱ्यात एक म्हातारी घंटा होती. घड्याळावरचे रोमन आकडे वाचून किती टोले द्यायचे, ते तिला संगणकातला प्रोग्राम सांगे.

पहिल्याच दिवशी नऊला अकरा टोले पडले आणि अकराला सुटणारी शाळा दोन तास आधीच रिकामी झाली. दुपारी चारला सहा टोले पडले. गावकरी म्हणाले, "घंटेला म्हातारचळ लागलाय. मोडीत घाला तिला."

घंटेने प्रोग्रामला विचारलं, "बाबा रे, चार आणि नऊलाच कसा चुकतोस?"

"चुकतोय कुठे? चिन्ह दिसलं की मी मिळवतो. नऊचं IX घे: दांडीचा एक, फुलीचे दहा. झाले अकरा!"

"अरे, धाकटी दांडी थोरल्या फुलीच्या आधी उभी असली, तर ती वजा करायची. पलीकडे कोण आहे, ते बघत जा की!"

"बघत बसलो तर उशीर होईल."

"होऊ दे."

दुसऱ्या दिवशी प्रोग्राम दांडीपाशी क्षणभर थांबला, पलीकडे डोकावला आणि नऊला नऊच टोले पडले.

"बघा, मोडीचं नाव काढताच घंटा कशी सुधारली!" गावकरी म्हणाले.

प्रोग्राम ओशाळला. "खरं सांगू का त्यांना?"

"राहू दे," घंटा म्हणाली. "त्यांना तरी पलीकडे बघायची सवय कुठे आहे!"