तिसऱ्या प्रहराचा नगारा

गोजरा बुरुडीण अंगणात सूप विणत बसली होती. समोर मिरच्या वाळत होत्या, शेजारच्या भागाबाईची कोंबडी सारखी मिरच्यांत शिरत होती आणि गोजरा तिला हातातल्या बांबूच्या कांबीने हुसकत होती. रोजच्यासारखाच दिवस. तेवढ्यात दवंडी आली.

"ऐका हो! पुनवेला राजवाड्यात प्रश्नांची सभा! जो महाराजांना हरवील त्याची एक मागणी मान्य! आणखी ऐका! सभेच्या दुसऱ्या दिवशी नदीकाठचं बांबूचं बेट तोडायचं. तिथं महाराजांचा जलमहाल होणार!"

गोजराच्या हातातली कांब थांबली. कोंबडीने डाव साधला. बेट तुटलं तर बुरूडवाड्यातल्या तीस घरांनी विणायचं काय? वारा?

"भागाबाई, पुनवेला माझ्या मिरच्या राख. मी सभेला चालले."

"तू? अगं, अकरा वर्षांत महाराज एकदाही हरलेले नाहीत!"

हे मात्र खरं. राजा धवलसेनाला प्रश्नोत्तरांचं भारी वेड. नियम सोपा होता. पहिले दोन प्रश्न महाराजांचे, मग दोघांनी आलटून पालटून विचारायचे. उत्तर असं हवं की ते गावातल्या साध्या माणसांना ठाऊक असेल. पोथीतली गुपितं चालायची नाहीत. जो अडला तो हरला.

गोजराचा नवरा म्हादू दरसाल हौसेने जायचा, तिसऱ्या प्रश्नाला अडायचा आणि हसत परत यायचा. "गोजरे, माझ्यापाशी एक प्रश्न आहे. तो टाकला की महाराज अडलेच म्हणून समज!" असं म्हणून तो तिच्या कानात सांगायचा आणि दोघं पोट धरून हसायची. पण त्याने तो कधी विचारला नाही. यंदा चैत्रात म्हादू वारला.

पुनवेला सकाळीच सभा भरली. राजाने गोजराला ओळखलं.

"म्हादूची बायको ना तू? तो तिसऱ्या प्रश्नाला गारद व्हायचा!"

"म्हणून मी चौथ्यापासून तयारी केलीय, महाराज!"

राजा खूश झाला. "सांग, पोळ्यात मधमाशीच्या घराला कोपरे किती?"

"सहा! आमच्या टोपलीच्या विणीतल्या डोळ्यालाही तेवढेच. कुणी कुणाचं बघून विणलं ते मात्र विचारू नका!"

"घुबडाचे डोळे जागचे हलत नाहीत. मग ते बाजूचं कसं बघतं?"

"मान वळवून. दिवाणजी आत्ता माझ्याकडे बघतायत ना, तसं!"

दिवाणजींनी घाईघाईने मान सरळ केली. आता गोजराची पाळी आली.

"महाराज, असं काय आहे, जे जमिनीतून निघताना जेवढं जाड, तेवढंच मरेपर्यंत?"

"बांबू!" राजा ओरडला.

"बांबूची एवढी माहिती! मग तोडता कशाला?"

"प्रश्न विचार, बाई. अर्ज करू नकोस!"

असे दुपार होईपर्यंत प्रश्न झडले. कुणीच अडेना. दिवाणजी गोजराजवळ येऊन पुटपुटले, "अगं, हर की आता. महाराजांची जेवणाची वेळ झाली."

"मग शेवटचा विचारते. महाराज, याचं उत्तर गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण ते ऐकून कुणावर रागवायचं नाही."

"दिला शब्द. विचार!"

"दरबारात रोज तिसऱ्या प्रहरी नगारा वाजतो. कशासाठी?"

दिवाणजी छताकडे बघू लागले. नगारा वाजवणाऱ्या बाळोबाने टिपऱ्या पाठीमागे लपवल्या.

राजा हसला. "हा काय प्रश्न झाला? तिसरा प्रहर लागला हे नगरीला कळावं म्हणून!"

"चुकलं, महाराज!"

"चुकलं? दिवाणजी, सांगा हिला!"

दिवाणजींना अचानक खोकला आला. राजाचा चेहरा लाल झाला. "सिद्ध कर! नाहीतर बेट उद्या कशाला, आजच तोडतो!"

गोजराने पदर खोचला. "महाराज, अकरा वर्षं तुम्ही तो नगारा ऐकताय. त्याचा पहिला ठोका कधी ऐकलात?"

"रोज ऐकतो! मी डोळे उघडतो तेव्हा..." राजा थांबला.

"डोळे उघडता तेव्हा काय, महाराज?"

"तेव्हा... नगारा वाजतच असतो."

"आणि तुम्ही शिकारीला जाता त्या दिवशी? बाळोबा, तूच सांग."

बाळोबा चाचरत म्हणाला, "त्या दिवशी मी घरी शेंगा फोडत बसतो, महाराज."

"म्हणजे? मी भर दरबारात झोपतो?"

"झोपेचं काही नाही, महाराज. पण तुम्ही घोरता! त्या आवाजावर मात करील असं दुसरं वाद्य राज्यात नाही!"

कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि त्याने तोंडावर हात दाबला. राजाने सगळ्यांवरून नजर फिरवली. त्याचे ओठ थरथरले, मग पोट हलू लागलं आणि तो असा खदखदून हसला की मुकुट घरंगळत दिवाणजींच्या पायाशी गेला!

"अकरा वर्षं! अख्ख्या नगरीला ठाऊक आणि मलाच नाही! हरलो, बाई! माग!"

"बेट, महाराज."

"दिलं! बुरूडवाड्याच्या नावाने ताम्रपट करून देतो. वर तुला लुगडं. पण हा प्रश्न तुझा नाही वाटत."

"माझ्या घरधन्याचा. बरीच वर्षं जवळ ठेवला होता त्याने."

"मग विचारला का नाही?"

"म्हणायचा, कशाला उगीच महाराजांची झोप मोडायची!"

राजा पुन्हा हसला, या वेळी जरा हळू. "बाळोबा, नगारा चालू ठेव. झोप काही माझ्या हातात नाही!"

दुसऱ्या दिवशी बुरूडवाडा कोयते घेऊन बेटात गेला, पण रोजच्यापुरत्या काठ्या आणायला. गोजराने ते अर्धं सूप पुरं केलं, आणखी चार टोपल्या विणल्या. अंगणाच्या कोपऱ्यात म्हादूने माघात विणायला घेतलेली धान्याची कणगी होती, कमरेएवढी झालेली. ती तिने अजून पुरी केलेली नाही.