शेपटावरचा पिवळा ठिपका

फार पूर्वी, जिथे घरोघर पानमळे होते अशा एका राज्यात एक चितारीण राहत होती. तिच्या बोटांत देवाने कला भरून ठेवली होती, पण तिला एका जागी बसवायचं मात्र तो विसरला होता. रंग वाळेपर्यंतसुद्धा ती अंगणात येरझारा घालायची.

एका वर्षी नागवेलींवर तिळाएवढे किडे आले आणि पानं काळी पडू लागली. राजाने चितारणीला बोलावलं.

"हा किडा परातीएवढा मोठा काढून दे. चित्र चावडीवर टांगू, म्हणजे लोक तो ओळखून वेचून मारतील. पण लवकर कर."

चितारणीचाही जीव टांगणीला लागला होता. तिच्या बापाचा मळा त्याच राज्यात होता, आणि म्हातारा त्या वेलींवरच जगत होता. ती धावत राजाच्या मळ्यात गेली. एक पान कुरतडणारा किडा तिने हेरला आणि त्याच्यावर स्फटिकाचं भिंग धरलं.

आता पाहा गंमत! किड्याचे लाल डोळे स्वच्छ दिसले, तर त्याची पाठ धुक्यात गेली. भिंग जरा पुढे केलं, तर पाठ उमटली आणि डोळे विरघळले. चितारणीने मान वाकडी केली, गुडघा बदलला, सुस्कारा सोडला. पान हललं आणि सगळंच पुसलं गेलं.

"हलू नकोस रे!" ती खेकसली.

"मी कुठे हलतोय, बाई? हलतेयस तू," किडा म्हणाला.

बांधावरून राजाचा शिपाई ओरडला, "झालं का?" थोड्या वेळाने पुन्हा तेच, "अहो बाई, झालं का?"

चितारणीने घाईने कुंचला चालवला. किड्याचं तोंड तर कागदावर अगदी केसन् केस उतरलं होतं. शेपटाकडे धुक्यात काहीतरी पिवळसर दिसत होतं. ऊन पडलं असेल, तिला वाटलं.

किडा लाडीगोडीने म्हणाला, "पुरे की आता. तोंड किती छान जमलंय! पाठ कोण बघतंय?"

तिला तेच ऐकायचं होतं. तिने पाठ अंदाजाने काळीभोर रंगवली आणि चित्र शिपायाच्या हवाली केलं. राजाने तिला शाल दिली. दवंडी पिटली गेली, आणि लोक चित्रातल्यासारखे किडे वेचून राखेच्या पाण्यात बुडवू लागले.

पण रोग हटेना. उलट पानं अधिकच भराभर काळी पडू लागली.

चितारीण बापाच्या मळ्यात पोहोचली, तेव्हा वेली मांडवावर वाळून लोंबत होत्या. म्हातारा खाली बसला होता.

"बाबा, किडे मारले नाहीत का?"

"सगळ्यांच्या आधी मारले, पोरी. काळ्या पाठीचा एक ठेवला नाही. पिवळ्या ठिपक्याचे तेवढे सोडले. तुझ्या चित्रात ठिपका कुठं व्हता?"

चितारीण तशीच राजाच्या मळ्याकडे परतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती त्याच मळ्यात बसली. भिंग तिने हातात धरलं नाही, लाकडी घोडीवर बसवलं. जाड पानाला सुईने भोक पाडून ते भिंगावर लावलं. उजेड कमी झाला, पण धुकंही थोडं मागे सरलं. मग ती उन्हाची वाट बघत थांबली. तिचे पाय उठू उठू करत होते. तिने ते मांडीखाली दाबून धरले.

ऊन आलं, तेव्हा किडा अजून दवात गारठलेला होता. तिने जेवढं स्वच्छ दिसलं तेवढंच एका कागदावर काढलं. भिंग केसभर पुढे सरकवलं आणि पुढचा भाग दुसऱ्या कागदावर काढला. असं डोळ्यांपासून शेपटापर्यंत.

"बाई, पुरे की," किडा म्हणाला.

तिने पुढचा कागद घेतला.

सगळ्या कागदांवरचे स्वच्छ भाग तिने एका चित्रात जोडले, आणि शेपटावर पिवळा ठिपका लखलखीत उमटला. मग तिने वेलीवर काळ्या पाठीचा किडा शोधला. मोठ्या मुश्किलीने एक सापडला. तोंड हुबेहूब तसंच, पण तो पान खात नव्हता. तो पिवळ्या ठिपक्याच्या किड्याला खात होता. राज्याने आपलेच राखणदार बुडवून मारले होते.

नवं चित्र चावडीवर लागलं, आणि उरलेले मळे वाचले. बापाचा मळा मात्र गेला तो गेलाच. चितारणीने शाल राजाला परत केली. जुनं चित्र तिने स्वतःच्या दारात टांगलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगू लागली, "ही पाठ मी पाहिलेली नाही."

तात्पर्य: जे धूसर दिसलं ते अंदाजाने रंगवू नये, आपल्या घाईची झळ आपल्यावर सर्वांत जास्त विश्वास ठेवणाऱ्यालाच आधी लागते.