बोलतं खडप

मुंबई बघायला आलात ना, मग गेटवे बघा, राणीचा बाग बघा, चौपाटीवर भेळ खा. पण समुद्र बघायचा असेल तर सकाळी या आमच्या शिवलबंदरला. पायांत गुळगुळीत तळाच्या चपला नकोत, शेवाळावर माणूस आडवा होतो. बाजारात बसलेल्या बायांचे फोटो काढायचे तर आधी विचारा. विचारलंत तर पदर नीट करून बसतील, नाही विचारलंत तर पाण्याचा हबका मिळेल. आणि मोबाईलच्या नकाशावर विसंबून खडपावर उतरू नका. नकाशात ते जमिनीसारखं दिसतं, पण दिवसातून दोनदा त्यावर समुद्र असतो.

ते बघा समोर. कोळीवाडा संपतो तिथून काळ्या दगडांची जी रांग पाण्यात शिरलीय, ते आमचं खडप. आणि रांग सुरू होते तिथला हा बैठा, वरून सपाट झालेला दगड, याला म्हणतात बोलतं खडप. दगड काही बोलत नाही. त्यावर बसणारं माणूस बोलतं. ओहोटीच्या वेळी इथं आमच्यातलं कुणी ना कुणी बसलेलं असतं आणि येईल त्या परक्याला, त्यानं विचारो न विचारो, पाणी कधी फिरणार, म्हणजे भरती कधी लागणार, ते सांगतं. आज माझ्या घराची पाळी. मला इथं सगळे भानूमावशी म्हणतात. बसा, पाणी फिरायला अजून अवकाश आहे. तोवर हे कशामुळे सुरू झालं ते सांगते. माझ्या आजेसासूनं मला सांगितलं, तिला तिच्या सासूनं.

फार जुनी गोष्ट. तेव्हा मुंबई एक नव्हती, वेगवेगळी बेटं होती. आता त्या उंच इमारती दिसतात तिथं खाडी होती, आणि हे खडप खाडीच्या तोंडातून थेट पल्याडच्या तीरापर्यंत जायचं. ओहोटीला माणसं यावरून चालत पलीकडे जात. मधोमध एक उंचवटा आहे, तो मोठ्या उधाणातही पुरता बुडत नाही. पण उंचवटा आणि आपला किनारा यांच्यामध्ये जागा खोलगट आहे. भरतीचं पाणी समोरून येताना दिसत नाही, ते खाडीच्या अंगानं आधी या खोलगटात भरतं. माणूस समोरचा समुद्र बघत राहतो आणि त्याच्या पाठीमागं वाट बुडालेली असते.

त्या काळी इथं मानकी नावाची कोळीण राहायची. नवरा तरुणपणीच गेलेला. एकुलता एक मुलगा पोशा, त्याला तिनं डोक्यावर पाटी वाहून वाढवला. मुलगा मोठा झाला, मचव्यावर लागला. मीठ भरून महाडच्या बंदराला जायचं आणि तिकडून धान्य आणायचं, हे त्याचं काम. मानकीनं आपल्या भावाला शब्द दिला होता, की तुझीच मुलगी माझी सून होईल. भावानं लग्नाची तयारीसुद्धा सुरू केली होती, असं सांगतात.

आणि एके दिवशी पोशा मचव्यातून उतरला तो बायको घेऊनच. घाटावरची मुलगी. तिचा बाप बैलांवर धान्य लादून घाट उतरायचा, बंदरात पोशाची आणि तिची ओळख झाली होती. तिनं त्याआधी समुद्र पाहिलेला नव्हता. मचव्यातून उतरल्यावर ती म्हणे किनाऱ्यावर कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिली, आणि सासू पुढं आली तशी तिच्या पायांवर डोकं ठेवायला वाकली. मानकीनं पाय मागं घेतले.

भावानं संबंध तोडला. सगळ्या वाड्यात मानकीचा शब्द खोटा ठरला. रागाच्या भरात ती गावदेवीपुढं गेली आणि चार माणसांदेखत बोलली, "या पोरीशी मी तोंडातून अक्षर काढीन तर माझी वाचा जाऊ दे."

तेव्हापासून अबोला. पोशा समजावून थकला. त्याला मचव्यावर जावंच लागायचं, आणि मग घरात या दोघीच. सून वाईट नव्हती हो. मासे साफ करताना बोटांत काटे घुसायचे, तरी शिकली. वाड्यातल्या बाया मानकीच्या भीतीनं तिच्याशी फारशा बोलत नसत. मग ती बोलायची कुणाशी? सासूशीच. संध्याकाळी मानकी पाठ करून जाळं शिवत बसायची आणि ही मागं बसून सांगत राहायची. आमच्याकडे थंडीत असं धुकं पडतं. आमचा पांढरा बैल असा हट्टी आहे, बापाशिवाय कुणाला वेसण धरू देत नाही. उत्तर येत नाही हे ठाऊक असूनही सांगायची.

आणि मानकी ऐकायची. माझी आजेसासू इथं नेहमी थांबायची आणि म्हणायची, भानू, राग कधीच गेला होता गं तिचा. सून सांगता सांगता थांबली तर मानकीचा हात जाळ्यावर थांबायचा, पुढं काय झालं म्हणून. पण देवीपुढं बोललेलं परत कसं घ्यायचं? तिनं मनात ठरवलं होतं, की शिमग्याच्या पुनवेला देवीला नारळ वाहायचा, क्षमा मागायची आणि सुनेला हाक मारायची. शेजारणीजवळ ती तसं बोललीही होती.

पुनवेआधीची अवस आली. मानकी तापातून नुकती उठली होती, तोंडाला चव नव्हती. शेजारणीला सहज म्हणाली, "कालवांचा रस्सा खावासा वाटतोय." सुनेनं ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडांना चिकटलेल्या शिंपल्या फोडून कालवं काढणाऱ्या बाया खडपावरून परतत होत्या. पाणी फिरायच्या बेतात होतं. तेवढ्यात ही टोपली आणि लहान कोयती घेऊन उलट निघाली. बायांनी पाहिलं, पण मानकी किनाऱ्यालाच मांडवावर बोंबील वाळत घालत उभी होती. सासू समोर आहे, ती अडवील, असं वाटून त्या निघून गेल्या.

सून मानकीपाशी थांबली. टोपली दाखवून म्हणाली, "आये, कालवं घेऊन येते. तुम्हाला रस्सा करते."

आणि उभी राहिली. थोडा वेळ उभीच राहिली म्हणे, सासूच्या तोंडाकडे बघत.

मानकीला ठाऊक होतं, आज अवसेचं उधाण आहे. जीभ उचलली होती तिनं. पण देवीपुढची शपथ आठवली, चार माणसं आठवली, भावाचं तोंड आठवलं. तिला वाटलं, पाणी दिसलं की येईल आपली मागं. ती बोंबलांकडे वळली. सून खडपावर उतरली.

घाटावरची पोर, तिला काय ठाऊक पाणी पाठीमागून येतं ते. उंचवट्यावर मोठी कालवं लागलेली असतात, ती तिथवर गेली आणि खाली बसून काढायला लागली. मानकीचं लक्ष तिच्यावरच होतं. बघता बघता खोलगट भाग भरायला लागला. मग मात्र तिला राहवलं नाही. ती धावत या दगडावर आली आणि ओरडली, "थांब गो! तिथंच थांब! वर चढ!" शपथ मोडली. पण वारा समुद्रावरून येत होता, त्यानं आवाज मागं वाड्यात नेला. मग तिनं दोन्ही हात वर करून हलवले.

सुनेला शब्द ऐकू आला नाही. हात दिसले. ज्या सासूनं घरात आल्यापासून आपल्याकडे तोंड केलं नाही, ती हात वर करून आपल्याला बोलावतेय, एवढंच तिला दिसलं. घराघरांतून बाया बाहेर आल्या होत्या, त्यांनी पाहिलंय. ती उभी राहिली, हसली, टोपली उंच करून दाखवली. आणि सासूकडे सरळ चालत निघाली.

उंचवट्यावर बसून राहिली असती तर होडी घालून तिला आणता आलं असतं. माणसं होडी ढकलतच होती. पण ती खोलगटात उतरली. आधी गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं. ओढ खाडीच्या दिशेला होती. मानकी पाण्यात शिरली, तिला लोकांनी धरून मागं ओढलं. होडी पोचली तेव्हा टोपली तेवढी तरंगत होती.

संध्याकाळी तिचा देह पल्याडच्या तीराला लागला. तिकडच्याच लोकांनी तिला अग्नी दिला.

मानकी वाट बघत बसली, वाचा कधी जाते याची. शपथ मोडली होती ना. पण वाचा गेली नाही. ती देवीपुढं जाऊन म्हणाली म्हणे, "आता कशाला ठेवलीस?"

पोशा परत आला. वाड्यातल्या कुणाची त्याला सांगायची छाती झाली नाही, आईनंच सांगितलं. काही लपवलं नाही.

त्यानं एवढंच विचारलं, "आये, ती जाताना तू बघत होतीस?"

"व्हय."

"पाणी फिरणार हे तुला माहीत होतं?"

"व्हय रे."

पोशा घरात गेला, तिची दोन लुगडी घेतली आणि ओहोटीला खडपावरून पल्याड निघून गेला. तिथंच झोपडी बांधून राहिला. आईशी पुन्हा बोलला नाही.

मानकी दुसऱ्या दिवसापासून या दगडावर येऊन बसायला लागली. ओहोटी असली की ती इथं. खडपावर उतरणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, आज पाणी अमक्या वेळी फिरेल, पाठीमागून येतं, मधे अडकलास तर उंचवट्यावरच बस, हलू नकोस. ओळखीचा असो, नसो. भांडण असलेल्यालाही सांगायची. तोंड फिरवून जाणाऱ्या भावाच्या मागं चालत जाऊन तिनं पाण्याची वेळ सांगितली. पोरंटोरं हसायची, मोठी माणसं वेडी म्हणायची. आणि पल्याड जाणारा कुणी असला की त्याला वर सांगायची, "तिकडं पोशा भेटला तर त्याला सांग बाबा, उद्या उधाण हाय. होडी वर ओढून ठेव म्हणावं."

निरोप पोचत होते. वाटसरू पोशाला सांगायचे, तो ऐकून घ्यायचा. उलट निरोप कधी आला नाही.

अशी किती वर्षं गेली कुणी मोजली नाहीत. मानकी म्हातारी झाली, डोळ्यांत फूल पडलं. माणूस आलं की पावलांच्या आवाजावरून तिला कळायचं. एके दिवशी पल्याडहून एक माणूस खडपावरून आला. दाढी वाढलेली, केस पिकायला लागलेले. तो दगडापाशी येऊन उभा राहिला. पोशा होता तो.

ती म्हणाली, "कोन हाय? परत जायचं असेल तर लगेच निघ रे बाबा. पाणी फिरलंय."

पोशा तिच्या शेजारी बसला. तिला वाटलं, थकलेला वाटसरू असेल. ती बोलत राहिली. "माजी सून गेली इथं. मना बोलायचं होतं, मी बोलले नाय." मग म्हणाली, "मी रोज देवीला तिच्यासाठी सांगते. पन नाव घेऊन सांगावं तर मना तिचं नाव ठाऊक नाय. कधी हाकच मारली नाय ना. पोराला एकदा विचारायचं ऱ्हायलं."

नाव पोशाच्या ओठांवर आलं असेल. एका शब्दाचं काम होतं. पण तो तसाच बसून राहिला. पाणी भरून आलं तसा उठला आणि एका होडीत बसून पल्याड गेला. होडीवाला दगडालगतच होडी लावून बसला होता, त्यानं हे ऐकलं होतं आणि पोशाला ओळखलंही होतं, म्हणून तर ही गोष्ट आपल्याला कळली. होडीवाला सांगायचा, अर्ध्या खाडीत पोशा म्हणाला होता, "होडी वळव." मग म्हणाला, "नको, उद्या येतो."

मानकी त्या रात्री झोपली ती उठली नाही.

पोशा आला तो अग्नी द्यायलाच. त्यानंतर मात्र परत गेला नाही. आईच्या घरात राहिला, दुसरं लग्न केलं नाही, मचवा सोडला आणि ओहोटीला या दगडावर बसायला लागला. येणाऱ्याजाणाऱ्याला पाण्याची वेळ सांगायचा. आता वाड्यातलं कुणी हसलं नाही. तो थकला तेव्हा लोकांनी घरांच्या पाळ्या लावून घेतल्या. शेवटच्या दुखण्यात बायांनी त्याला विचारलं म्हणे, "पोशादादा, वहिनीचं नाव काय होतं?" तो म्हणाला, "जिनं विचारलं तिला सांगितलं नाही, आता कुणाला सांगू?" त्या काळी नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेत नसे आणि वाड्यात तिला कुणी ते विचारलंच नव्हतं, म्हणून त्याच्याबरोबर ते नाव गेलं. मानकी आणि पोशा ही नावं आम्ही घेतो, पण जिच्यामुळं हे सगळं घडलं तिला आम्ही नुसतं सून म्हणतो. आमच्याकडे दुसरा शब्दच नाही.

पुढं खाडी बुजली, पल्याडचं तीर राहिलं नाही. खडप अर्धं उरलं. आजही शिवलबंदरात नवी सून आली, मग ती कोळ्यांची असो की कुठल्याही जातीची, की तिला आधी घरात नेत नाहीत. वरात इथं येते. सासू तिचा हात धरून तिला या दगडावर उभी करते आणि त्या दिवशी पाणी कधी फिरणार ते तिला सांगते. सासूनं सुनेशी बोलायचा तो पहिला शब्द. मग सून समुद्राकडे तोंड करून आपलं माहेरचं नाव मोठ्यानं सांगते, आणि सगळा वाडा मागून ते नाव घेतो. पोरी लाजतात. आवाज बारीक निघतो, लाटांत बुडून जातो. मग सासूच म्हणते, "ऐकू नाय आलं गो. परत सांग."