शिंक्यातली अर्धी भाकर

एका राज्यात बारा वर्षं युद्ध चालू होतं, आणि ते कशावरून पेटलं हे राजालाही आठवत नव्हतं. एका मांत्रिकाने नदीच्या दोन्ही तीरांवरच्या सैनिकांच्या मनातून घर पुसून टाकलं होतं. म्हणून कुणी थकत नसे, कुणी परतत नसे.

त्या राज्याची लेखनिक कुवलया. भारी भित्री, टाक हातातून पडला तरी दचके. तिचा थोरला भाऊ सोमदत्त सैन्यात होता. ती छावणीत भेटायला गेली, तेव्हा त्याने विचारलं होतं, "आपण कोण?"

एके दिवशी राजाने तिला बोलावलं.

"लेखनिके, घराची आठवण देणारी तीन पानं लिही. आपल्या निरोप्या साळुंक्या ती शत्रूवर टाकतील. मंत्र उतरेल, ते पाठ फिरवतील, आणि आपण मागून वार करू."

"जशी आज्ञा, महाराज."

पहिल्या पानावर तिने लिहिलं, 'परसातल्या कढीलिंबाला तुझ्यामागे कुणी पाणी घालत नाही.' साळुंक्यांनी ते टाकताच पलीकडचे नगारे थांबले. दुसऱ्यावर लिहिलं, 'धाकटी अजून तुझ्या वाटणीची चिंच झाकून ठेवते.' पलीकडचे भाले खाली पडले.

तिसऱ्या पानाशी ती अडली. शत्रूची घरं तिने कुठे पाहिली होती? लिहिलं ते सगळं तिच्याच घरातलं, आणि रडत होते ते पलीकडचे.

तिला आई आठवली. लढाईवर निघालेल्याने अर्धीच भाकर खायची, उरलेली शिंक्यात ठेवायची, ही त्या मुलखातली रीत. आई रोज ताजी अर्धी ठेवी. आई गेल्यावर कुवलया ठेवू लागली.

तिने लिहिलं, 'शिंक्यात तुझी अर्धी भाकर आहे.'

"कुणावर टाकू?" म्होरक्या साळुंकीने विचारलं.

"पलीकडे."

"म्हणजे ते वळतील, आणि तुझा भाऊ त्यांच्या पाठीत भाला घालेल. असंच ना?"

"गप गं बाई! महाराज माझी मान उडवतील."

"मान तुझी, पान तुझं. मी आपलं पाखरू."

कुवलयाने पान मधोमध फाडलं. "अर्धं पलीकडे. अर्धं आपल्या छावणीवर."

सोमदत्ताच्या पायाशी तुकडा पडला. "'अर्धी भाकर आहे'? अरे, पण कुठे?" तो ओरडला.

"आमच्याकडे 'शिंक्यात तुझी' एवढंच आलंय!" पलीकडून हाक आली.

दोन्हीकडचे कमरेइतक्या पाण्यात उतरले. तुकडे जोडले, मोठ्याने वाचले. मंत्र तिथेच वाहून गेला. शस्त्रं नदीत सोडून जो तो आपापल्या वाटेला लागला.

राजा संतापून धावत आला. नदीकाठी आलेल्या कुवलयाच्या हातून ओलं पान हिसकावून त्याने वाचलं.

"माझी भाकर कोण ठेवतं?"

"राजमाता ठेवतात, महाराज. रोज," कुवलया म्हणाली.

राजा पायीच महालाकडे निघाला.

दिवेलागणीला कुवलयाच्या दाराची कडी वाजली. ती दचकली, हातातली पळी खणकन पडली.

"अजून दचकतेस होय गं, ससुले?" सोमदत्त म्हणाला, आणि त्याने सवयीने शिंक्याकडे हात नेला. भाकर अजून कोमट होती.

तो आला, तसे वाट पाहणाऱ्या प्रत्येक घरचे येवोत.