काढून ठेवलेलं कार्ड

आधीच सांगतो, माझी शाळा नववीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, भारी शब्द मला येत नाहीत. वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण ही गोष्ट मनात राहिली आहे, म्हणून लिहितो.

एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध व्हिडिओ चित्रणकार होते. नाव श्रीपाद रेठरेकर. सारे त्यांना काका म्हणत. पंचक्रोशीतली कितीतरी लग्नं आणि मुंजी त्यांनी जड कॅमेरा खांद्यावर घेऊन टिपल्या होत्या. त्या काळी एका कॅसेटवरून दुसरी करायची, तर तीन तासांच्या समारंभाला तीन तासच लागत. नक्कल पुरी होईपर्यंत खुर्ची सोडायची नाही, हा त्यांच्या दुकानाचा नियम. त्यामुळे कोणाची आत्या कोणत्या लग्नात रुसली होती, हे तिच्या घरच्यांपेक्षा काकांना जास्त आठवे. पुढे नजर मंदावली, तेव्हा संगणकाचं काम त्यांनी शिष्याकडे सोपवलं. तो शिष्य म्हणजे मी.

आमच्या संगणकात नवं ग्राफिक्स कार्ड होतं. फिल्म जोडून झाली की तिची शेवटची फाइल बनवावी लागते. त्याला एन्कोडिंग म्हणतात. हे काम ते कार्ड चहा पिऊन होईपर्यंत उरकून टाकी. मला त्याचा फार अभिमान होता.

एका दुपारी हळदीचे व्यापारी मुकुंदशेठ कोरगावकर दुकानात येऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचं हलतंबोलतं रूप एकाच कॅसेटवर उरलं होतं; आईवडिलांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्या दिवशीच्या. टेपला बुरशी लागलेली. आम्ही ती संगणकात उतरवून घेतली आणि त्यानंतर ती तुटलीच. आता उतरवलेली फाइल तेवढी हाती होती, आणि घरच्या टीव्हीवर लागेल अशी तिची फिल्म शेठजींना हवी होती. वडिलांना काही कळू दिलं नव्हतं.

कार्डाने चटकन फिल्म काढून दिली. लावून पाहिली, तर जे जे हलत होतं त्यावर हिरवे पट्टे. शेठजींची आई कॅमेऱ्याकडे वळली आणि तिचा चेहरा पट्ट्यांखाली नाहीसा झाला. शेठजींनी मान फिरवली.

मी दोष ड्रायव्हरला दिला. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि कार्ड यांच्यामधला दुभाष्या. तो काढून नवा घातला. मग त्याच्याआधीचा घातला. मग इंटरनेटवर कोणीतरी शपथेवर सांगितलेला घातला. दर वेळी संगणक बंद करून चालू केला आणि दर वेळी पट्टे होते तिथेच होते. शेठजी बाकावर चुळबुळ करत होते. शेवटी म्हणाले, "दिगू, एवढ्या वेळात आमची हळद वाळते रे."

मी आणखी एक ड्रायव्हर शोधू लागलो, तेव्हा काका उठले. सकाळची लग्नाची फिल्म याच कार्डावर नीट निघाली का, एवढंच त्यांनी विचारलं. निघाली होती, अगदी स्वच्छ. मग त्यांनी मला संगणक बंद करायला सांगून वायर काढली, बाजूचा पत्रा उघडला, स्क्रू सैल केला आणि ते कार्ड उपसून बाहेर काढलं. पंच्यात गुंडाळून स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले.

"अहो काका, होतं तेही काढलंत?" शेठजी घाबरून म्हणाले.

काकांनी मला स्क्रीनची वायर दुसऱ्या खाचेत लावायला लावली. सगळं काम मुख्य प्रोसेसरवर टाकायला सांगितलं, आणि त्याआधी चित्राच्या रेषा जोडून घ्यायला सांगितल्या. काम सुरू झालं. पण गती अशी, की जुन्या टेपची नक्कल चालावी.

तेव्हा काका म्हणाले, "टेपवरचं चित्र एकदम येत नाही रे. आधी एकाआड एक अशा अर्ध्या रेषा येतात, मागाहून उरलेल्या. या कार्डाला ते येत नाही. आजचं चित्र द्या, पळवत नेईल. तू दुभाषे बदलत राहिलास; पण ऐकणाऱ्याच्या अंगात ते कामच नसेल, तर दुभाष्या काय करील? एकदा बदलून पट्टे जागचे हलले नाहीत, तिथंच थांबून विचार करायचा."

मी हळू आवाजात विचारलं, की मग कार्ड बाहेर कशाला काढायचं, नुसतं बंद ठेवलं असतं तरी चाललं असतं.

"आत असतं तर तुझा हात पुन्हा तिकडेच गेला असता," काका म्हणाले. शेठजी पहिल्यांदा हसले.

मग आम्ही तिघंही खुर्च्या ओढून बसलो. पडद्याच्या कोपऱ्यात लहानशा चौकटीत चित्र सरकत होतं. काम चालू असताना आवाज ऐकू येत नव्हता. मांडव, पाट, समया. तरुण दिसणारे शेठजींचे वडील. मग हातात वाढपाचं भांडं घेतलेली त्यांची आई वळली. पदर सावरला आणि थेट आमच्याकडे पाहून काहीतरी म्हणाली. पट्टा नव्हता. कपाळावरचा घामसुद्धा दिसत होता.

"काय म्हणाली असेल?" शेठजींनी स्वतःशीच विचारलं.

"ते कॅमेऱ्याचं धूड खाली ठेवा आणि आधी पानावर बसा," काका म्हणाले. "मला म्हणाल्या. बसलो होतो मी. श्रीखंड होतं त्या दिवशी."

शेठजींनी चष्मा काढून पुसला. मघापासून घड्याळ पाहणारा तो माणूस दिवेलागण होईपर्यंत जागचा उठला नाही. मीही उठलो नाही. खुर्ची न सोडण्याचा नियम केवळ नक्कल बिघडू नये म्हणून नसावा, हे तेव्हा मला कळलं. काही चित्रं घाईने पुढे नेण्यासाठी नसतात. त्यांच्याजवळ बसावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्म घेऊन मी कोरगावकरांकडे गेलो. एरवी मी वस्तू दारातच देऊन परततो, माणसांत मला संकोच वाटतो. त्या दिवशी आत गेलो आणि टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. ओवाळून झालेले आजोबा, म्हणजे शेठजींचे वडील, सोफ्यावर एकटेच बसले होते. पडद्यावर आजी वळल्या, तसे ते थोडे बाजूला सरकले आणि शेजारी एका माणसापुरती जागा केली.

मी टीव्हीचा आवाज जरा वाढवला.